कॉर्डलेस ड्रिलची बॅटरी ‘फुल’ दाखवते आणि कामाला लावली की मान टाकते: दोष कसा शोधायचा, स्वस्तातली नवी कशी निवडायची

तक्रार एकच असते. चार्जरवर हिरवा दिवा लागतो, पॅकवरचे सगळे दिवे पेटतात, ड्रिल हवेत धरून ट्रिगर दाबला की मशीन भन्नाट फिरतं. पण लांब स्क्रू सागवानात अर्ध्यावर गेला किंवा ग्राइंडर लोखंडी अँगलला टेकवला की खट्‌कन बंद. ट्रिगर सोडून पुन्हा दाबला की दोन सेकंद चालतं, पुन्हा बंद. मग ‘बॅटरी बसली’ म्हणून बाजारातून स्वस्तातली दुसरी आणली जाते. तिच्यावर मोठ्ठा आकडा छापलेला असतो, ६००० एमएएच (मिलिअँपिअर-अवर, साठ्याचं माप) वगैरे. काही महिन्यांनी तीही तशीच वागायला लागते.

ही गाडी दरवेळी त्याच खड्ड्यात जाते, कारण आपण बॅटरी एमएएच आणि व्होल्टचे आकडे बघून घेतो आणि दोष मात्र तिसऱ्याच ठिकाणी असतो. पॅकमध्ये साठा असतो, पण मशीन एका दमात मागेल तेवढा करंट तो देऊ शकत नाही. हा दम लेबलवर छापलेला नसतो. तो मोजता येतो, आणि त्यासाठी फार काही लागत नाही.

आधी बॅटरीच दोषी आहे का ते बघा

शक्य असेल तर अदलाबदल करून बघा. हीच बॅटरी दुसऱ्या मशीनला लावा, दुसऱ्याची चांगली बॅटरी या मशीनला लावा. ओळखीच्या सुताराकडे किंवा फॅब्रिकेशनवाल्याकडे त्याच कंपनीचं मशीन असलं तर पाच मिनिटांचं काम आहे. दोष बॅटरीबरोबर गेला तर पुढचं वाचा. मशीनमध्येच राहिला तर नवी बॅटरी आणून पैसे वाया घालवू नका.

मशीनमधले नेहमीचे दोष तीन-चारच. कार्बन ब्रश झिजलेले असतात. हवा जायच्या फटींतून आत मोठ्या निळ्या ठिणग्या दिसल्या तर ते बघा. ड्रिलचा गिअर २ वर ठेवून मोठं भोक पाडत असाल तर मोटरवर नको एवढा ताण येतो. वरची सरकपट्टी १ वर आणा. बिट बोथट असेल तर चांगली बॅटरीही हार मानते. आणि १२ व्होल्टच्या वीतभर ड्रिलने आरसीसी स्लॅबमध्ये १० मिलिमीटरचं भोक पाडायचा हट्ट धरला तर तिथे बॅटरीचा काहीच दोष नाही. ते काम रोटरी हॅमरचं आहे.

पॅक आणि मशीन जिथे जोडले जातात त्या पट्ट्याही नीट बघा. कोकणात किनाऱ्याजवळ काम करणाऱ्यांच्या मशीनला हिरवट थर धरतो, फॅब्रिकेशनच्या शेडमध्ये लोखंडाचा भुगा बसतो. पॅक काढून आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून घ्या. एखाद्या पट्टीभोवतीचं प्लॅस्टिक पिवळं पडलेलं किंवा किंचित वितळलेलं दिसलं, तर तो संपर्क ढिला आहे आणि उष्णता तिथेच तयार होते आहे. नवा पॅक लावला तरी तोही तिथेच भाजणार. आधी मशीनची क्लिप बदलून घ्या.

मल्टिमीटर लावा, पण त्याच्यावर लगेच विसंबू नका

लिथियम-आयनचा एक सेल साधारण ३.६ व्होल्टचा धरतात. पूर्ण चार्ज झाला की ४.२. ज्याला बाजारात १८ व्होल्ट म्हणतात त्या पॅकमध्ये असे पाच सेल एकापुढे एक जोडलेले असतात. ३.६ गुणिले ५ म्हणजे १८. पूर्ण चार्जला ४.२ गुणिले ५ म्हणजे २१. म्हणून ‘१८ व्होल्ट’, ‘२० व्होल्ट मॅक्स’ आणि ‘२१ व्होल्ट’ ही तीन निरनिराळ्या ताकदीची मशीनं नाहीत. तोच पाच सेलचा पॅक, कुणी सरासरी सांगतो, कुणी कमाल. डिवॉल्ट तर एकाच पॅकला अमेरिकेत २० व्होल्ट मॅक्स म्हणते आणि युरोपात १८. तसंच १०.८ आणि १२ व्होल्टचं: दोन्हीत तीन सेल.

चार्ज झाल्यावर पॅक अर्धा तास बाजूला ठेवा आणि मग अधिक-उणे पट्ट्यांवर मोजा. पाच सेलच्या पॅकला साडेवीस ते एकवीस मिळाले तर वरवर सगळं ठीक. हिरवा दिवा लागूनही १९ च्या आतबाहेरच असेल तर चार्जर अर्ध्यात सोडतो आहे, किंवा आतले सेल एकमेकांपासून फारकत घेऊन बसले आहेत: एक सेल लवकर ४.२ ला पोचतो, आतला संरक्षक बोर्ड, ज्याला सगळे बीएमएस म्हणतात, तिथेच चार्जिंग तोडतो आणि बाकीचे उपाशी राहतात. सोळा-सतराच्या घरात आकडा आला तर एक सेल बहुधा मेलेला आहे.

इथे एक गोष्ट अधोरेखित करतो. अगदी स्वस्त पॅकमध्ये बीएमएस नसतो, किंवा असला तरी प्रत्येक सेलवर नजर ठेवत नाही. अशा पॅकमधला एक सेल आतून शॉर्ट झाला तर चार्जर बिचारा २१ व्होल्ट पुरे करायला उरलेल्या चार सेलना पाच व्होल्टच्या वर ढकलतो. लिथियम सेलला आग लागायचा हा सरळ रस्ता आहे. पॅक फुगलेला, चार्जिंगला हाताला चटका देईल इतका तापणारा किंवा गोडसर, थिनरसारखा वास मारणारा असेल तर पुढच्या चाचण्या करूच नका. तो घराबाहेर नेऊन ठेवा.

आता समजा आकडा चांगला आला, २०.८. तरीही मशीन मान टाकतं. हे कसं? कारण मल्टिमीटर बॅटरीकडून काहीच काम करून घेत नाही. बाजारात उभे असलेले बैल सगळेच बरे दिसतात, गाडीला जुंपल्यावर कळतं. प्रत्येक सेलच्या आत स्वतःचा असा एक अडथळा असतो, अंतर्गत रोध. चांगल्या सेलचा तो २० मिलिओहमच्या आसपास. पाच सेलचे झाले १००, म्हणजे ०.१ ओहम. ड्रिल जोरात असताना २० अँपिअर ओढतं असं धरा: २० गुणिले ०.१, म्हणजे २ व्होल्ट आतच खाल्ले जातात. साडेवीसचे साडेअठरा राहतात, काम चालतं.

आता तोच हिशेब जुन्या किंवा हलक्या सेलचा करू. एकेकाचा रोध ६० मिलिओहम, पाचांचे ३००. त्याच २० अँपिअरला ६ व्होल्ट गायब. बॅटरी अर्धी उतरलेली असेल, म्हणजे साडेअठरावर, तर मशीनपर्यंत साडेबाराच पोचतात. संरक्षक बोर्ड साधारण साडेबारा ते चौदाच्या दरम्यान तोडतो. खट्‌कन बंद. ट्रिगर सोडला की करंट शून्य, व्होल्ट पुन्हा साडेअठरा, दिवे पुन्हा पेटलेले. आपण म्हणतो ‘फुल आहे तरी चालत नाही’. आणि ते ६ व्होल्ट कुठे गेले? २० अँपिअरला ६ व्होल्ट म्हणजे १२० वॉट, पॅकच्या पोटातच उष्णता होऊन. म्हणून अशा बॅटऱ्या तापतात, आणि तापतात म्हणून आणखी लवकर बिघडतात.

ट्रकच्या बल्बची चाचणी

यासाठी महागडा टेस्टर नको. वाहनांच्या इलेक्ट्रिशियनकडून किंवा स्पेअर पार्टच्या दुकानातून ट्रकच्या हेडलाइटचा एच-४ बल्ब आणा, २४ व्होल्ट, ७५/७० वॉटचा. एलईडी नको, तारेचाच. त्याला तीन पिना असतात: एक सामाईक आणि दोन तारांची दोन टोकं. २० व्होल्टवर एक तार अडीच अँपिअरच्या थोडं वर घेते, दोन्ही एकत्र लावल्या तर पाचच्या आसपास. वायरच्या टोकांना गाडीत वापरतात ते चपटे लग लावा आणि मध्ये १० अँपिअरचा गाडीचाच फ्यूज टाका. फ्यूज टाळू नका. ड्रिलचा पॅक शॉर्ट झाला तर वायर लाल व्हायला वेळ लागत नाही. बल्ब फरशीवर ठेवा, तो भयंकर तापतो.

तीन सेलच्या, म्हणजे १२ व्होल्टच्या पॅकला हाच प्रयोग कारच्या साध्या १२ व्होल्ट ६०/५५ वॉटच्या बल्बवर होतो. तिथे एकच तार साडेचार ते पाच अँपिअर घेते.

पहिली मोजणी दमाची. पूर्ण चार्ज पॅकवर मल्टिमीटर लावून ठेवा, लगच्या टोकाला नाही, थेट पॅकच्या पट्ट्यांवर. आकडा लिहा. दोन्ही तारा पेटवा, अर्ध्या मिनिटाने आकडा बघा. पाच अँपिअरला अर्धा ते पाऊण व्होल्ट पडला तर पॅकची तब्येत चांगली. दीड व्होल्ट किंवा जास्त पडला तर तो ड्रिलच्या कामाचा राहिला नाही. टॉर्च, छोटा ब्लोअर, फार तर हलकी स्क्रूची कामं. दहा सेलच्या पॅकला हा आकडा निम्म्याने कमी यायला हवा, कारण तिथे प्रत्येक जागी दोन सेल शेजारीशेजारी भार वाटून घेतात.

दुसरी मोजणी साठ्याची. पुन्हा पूर्ण चार्ज करा आणि एकच तार पेटवून घड्याळ लावा. बल्ब स्वतःहून थांबणार नाही आणि पॅकमधला बोर्ड थांबवेलच असं नाही, म्हणून शेजारी बसून राहा आणि १५ व्होल्ट झाले की काढा. तीन सेलच्या पॅकला ९. लेबलवर ४००० एमएएच असेल तर पाच सेलच्या पॅकवर बल्ब दीड तासाच्या आसपास जळायला हवा. २००० असेल तर पाऊण तास. ‘६०००’ लिहिलेला पॅक पन्नास मिनिटांत १५ वर आला तर त्यात किती भरलेलं होतं ते तुम्हीच बघा.

नवीन आणलेल्या पॅकवर ही चाचणी पहिल्याच दिवशी करा. परत करायची मुदत संपल्यावर केलेली चाचणी नुसती हळहळ देते.

पॅक उघडायचा का?

हात बसलेला असेल तरच. बहुतेक पॅकला ताऱ्याच्या आकाराचे टॉर्क्स स्क्रू असतात. आत पाच जोडांवर पातळ वायरी किंवा बोर्डाचे पाय दिसतील. प्रत्येक सेलचे व्होल्ट स्वतंत्र मोजा. सगळे सारखे आणि बल्बची चाचणी नापास, तर सगळेच म्हातारे झाले आहेत. एकच मागे असेल, समजा चार ३.९ आणि एक ३.५, तर तेवढाच एक-सेलच्या चार्जर बोर्डने, टीपी४०५६ नावाने मिळतो त्याने, वर आणता येतो. आठवडाभर ठेवून पुन्हा मोजा. तोच पुन्हा खाली घसरला तर सेल आतून गळतो आहे.

दोन व्होल्टच्या खाली जाऊन महिनोन्‌महिने पडून राहिलेल्या सेलला ‘झटका देऊन’ उठवायचे व्हिडिओ भरपूर आहेत. चार्जर ओळखत नाही म्हणून दुसऱ्या बॅटरीतून दोन वायरी लावायच्या, झाला जिवंत. सेल फार खाली गेला की आतलं तांबं विरघळतं आणि पुढच्या चार्जिंगला नको तिथे जमतं. तो उठतो खरा, पण आतून शॉर्ट व्हायची तयारी करूनच. हे करू नका, आणि ज्यांनी करून विकायला ठेवलं आहे त्यांच्याकडून घेऊही नका.

सेल बदलून घेणं हा खरोखर स्वस्त मार्ग असू शकतो. मुंबईत लॅमिंग्टन रोडला, पुण्यात तपकीर गल्लीच्या परिसरात सुटे सेल मिळतात, आणि हल्ली ई-बाईकच्या बॅटऱ्या बांधणारे तालुक्याच्या गावीही स्पॉट वेल्डिंग करून देतात. त्यांना तीन गोष्टी सांगा. एक, सेल हाय-ड्रेन, म्हणजे एका दमात जास्त करंट देणारे हवेत. सॅमसंगचा २५आर २.५ अँपिअर-अवरचा (म्हणजे २५०० एमएएचचा) आहे आणि सलग २० अँपिअर देतो. एलजीचा एचजी२ ३ अँपिअर-अवर आणि तोही २० अँपिअर. मोलिसेलचा पी२८ए त्याहून जोरकस. लॅपटॉपच्या जुन्या पॅकमधून काढलेले सेल दिसायला हुबेहूब तसेच, साठाही चांगला, पण फार तर पाच-सात अँपिअरचे धनी. ड्रिलला ते लावले की हीच तक्रार पहिल्या दिवसापासून. दोन, पाचही सेल नवे आणि एकाच लॉटचे. चार जुने एक नवा असा संसार टिकत नाही. तीन, सेलवर सोल्डर नको, वेल्डच हवा, आणि पट्टी शुद्ध निकेलची. निकेलचा मुलामा दिलेली लोखंडी पट्टी जास्त रोध करते. चुंबक लावून फरक कळत नाही, कारण निकेललाही चुंबक चिकटतो. पट्टीला ओरखडा काढून मिठाच्या पाण्यात ठेवा. दुसऱ्या दिवशी तांबूस गंज आला तर लोखंड.

सेल घेताना खिशातला वजनकाटा चालवा. खरा १८६५० सेल (पॅकमध्ये नेहमी असतो तो दंडगोल आकार) ४४ ते ४८ ग्रॅम भरतो. पस्तीस ग्रॅमचा निघाला तर आवरण कुठल्याही कंपनीचं असू दे, आत तेवढा माल नाही.

लेबलवरचे आकडे वाचायचे कसे

‘४८ व्ही’, ‘८८ व्हीएफ’, ‘१२८ व्हीएफ’ असे आकडे ऑनलाइन मिळणाऱ्या अनेक संचांवर असतात. मल्टिमीटर लावला की २०-२१. पाचच सेल. हे आकडे कुठून येतात याचा विचार करत बसू नका, ते नाहीतच असं समजून पुढे जा.

एमएएचला मात्र निसर्गाचीच मर्यादा आहे, आणि ती पाठ करून ठेवण्यासारखी आहे. १८६५० म्हणजे १८ मिलिमीटर जाड, ६५ मिलिमीटर लांब. या आकारातले जास्त साठ्याचे चांगले सेल साधारण साडेतीन अँपिअर-अवरच्या आसपासचे, आणि ड्रिलला लागणारा दम असलेले अडीच ते तीनचे. म्हणजे असे पाचच सेल असलेला छोटा पॅक ३५०० एमएएचच्या फारसा वर जाऊ शकत नाही; ६००० लिहिलेलं असेल तर ते खोटं आहे, मोजायचीही गरज नाही. दहा सेलचा पॅक ५००० ते ६००० पर्यंत खरा असू शकतो. २१७०० हे मोठे सेल, २१ मिलिमीटर जाड आणि ७० लांब, एकेकटे चार-पाच अँपिअर-अवरचे असतात; नव्या जाड बुटक्या पॅकमध्ये तेच वापरतात.

आत किती सेल आहेत हे पॅक न उघडता वजनावरून कळतं. दहा सेल म्हणजे नुसते सेलच साडेचारशे ग्रॅमच्या वर. डबी आणि बोर्ड धरून पॅक सहाशेच्या पुढे जायला हवा. माकिटाचा ५ अँपिअर-अवरचा पॅक सव्वासहाशेच्या आसपास भरतो. तेवढ्याच आकाराची उंच डबी साडेतीनशे ग्रॅमची लागली तर आत पाच सेल आहेत आणि वरचा मजला रिकामा. किराणा दुकानाच्या काट्यावरही हे होतं.

शेवटी बीआयएसचं, म्हणजे भारतीय मानक ब्युरोचं, चिन्ह बघा. अशा सेल-बॅटऱ्यांना भारतात आयएस १६०४६ या मानकाखाली नोंदणी सक्तीची आहे, आणि लेबलवर चिन्हाबरोबर ‘आर-’ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक असतो. बीआयएस केअर या सरकारी अ‍ॅपमध्ये तो टाकून बघता येतो. चिन्ह नसलेला पॅक मी तरी घरात चार्जिंगला लावणार नाही, कितीही स्वस्त असो.

मग घ्यायची कोणती?

सुरुवात मशीनपासून करा. पडद्याचे रॉड, बिजागऱ्या, मॉड्युलर फर्निचरचे स्क्रू एवढंच काम असेल तर १२ व्होल्टचा तीन सेलचा पॅक पुरतो आणि हात दुखत नाही. १८ व्होल्टचं ड्रिल किंवा इम्पॅक्ट ड्रायव्हर असेल तर चांगल्या पाच सेलचा २ अँपिअर-अवरचा पॅक चालतो.

ग्राइंडर, गोल करवत, चेनसॉ, रोटरी हॅमर ही मंडळी वेगळी. चार इंची ग्राइंडर लोखंडात दाबला की ३० अँपिअरच्या पुढे सहज जातो. पाच सेलच्या पॅकमध्ये हा सगळा करंट एकेका सेलमधून जातो. तो सेल २० चाच असेल तर पहिल्या महिन्यातच त्याची वाट लागते. इथे दहा सेलचा ४-५ अँपिअर-अवरचा किंवा २१७०० चा पॅकच घ्या. सगळ्यात जास्त पैसे इथेच वाया गेलेले दिसतात: ड्रिलबरोबर आलेला छोटा पॅक ग्राइंडरला लावायचा, तो मेला की तसाच दुसरा छोटा आणायचा.

नाशिक-सांगलीकडे द्राक्षाच्या आणि सोलापूरकडे डाळिंबाच्या छाटणीला बॅटरीच्या कात्र्या आल्या आहेत, त्यांतल्या बऱ्याच स्वस्त कात्र्यांना हेच २१ व्होल्टचे पॅक असतात. कात्री दर चाव्याला थोडाच वेळ करंट ओढते, त्यामुळे दोन छोटे पॅक आलटूनपालटून वापरणं तिथे शहाणपणाचं आहे. अडचण येते ती एप्रिलच्या खरड छाटणीला, कारण उन्हात तापलेला पॅक माणूस तसाच चार्जिंगला लावतो.

किमतीची तुलना नगावर करू नका, वॉट-अवरवर करा. व्होल्ट गुणिले अँपिअर-अवर. व्होल्ट १८ च धरा, लेबल काहीही म्हणो. समजा २ अँपिअर-अवरचा पॅक २,४०० रुपयांना आणि ४ चा ३,६०० ना मिळतो आहे. पहिला ३६ वॉट-अवर, म्हणजे एकाला ६७ रुपये. दुसरा ७२, म्हणजे एकाला ५०. शिवाय दुसरा दम दुप्पट देतो आणि प्रत्येक सेलवर ताण निम्मा म्हणून टिकतोही जास्त. दोन छोट्यांपेक्षा एक मोठा, हा माझा कल. अपवाद वर सांगितलेल्या कात्रीसारख्या कामाचा, किंवा शिडीवर उभं राहून छताला स्क्रू मारायचे असतील त्याचा. तिथे वजन खरंच जाणवतं.

कंपनीचाच पॅक की ‘कंपॅटिबल’? रोज मशीनवर पोट असेल तर कंपनीचा, आणि तो संचातच घ्या. मशीन, दोन पॅक आणि चार्जरचा संच बहुतेक वेळा सुट्या पॅकपेक्षा फायद्यात पडतो. घरगुती वापराला कंपॅटिबल चालतो, पण बल्बची चाचणी पास झाली तरच. बोर्डाचा एक गोंधळ इथे लक्षात ठेवा: काही ब्रँडमध्ये व्होल्ट फार खाली गेले की थांबवायचं काम मशीनचं असतं, पॅकचं नाही. असा पॅक अडॅप्टर लावून दुसऱ्याच कंपनीच्या मशीनवर चालवला तर त्याला थांबवणारं कुणीच उरत नाही. अडॅप्टर वापरणारच असाल तर मशीन मंदावलं की लगेच हात काढा. आणि एकाच कंपनीच्या दोन १८ व्होल्टच्या बॅटऱ्या एकमेकींना बसतीलच असं नाही: बॉशच्या हिरव्या घरगुती मालिकेचा पॅक निळ्या प्रोफेशनल मशीनला बसत नाही. दुकानात जाताना मशीन बरोबर न्या.

परदेशातून मशीन आणणाऱ्यांसाठी: अमेरिकेतला २० व्होल्ट मॅक्सचा पॅक इथल्या त्याच कंपनीच्या १८ व्होल्टच्या मालिकेत चालू शकतो, पण तिथला चार्जर बहुधा १२० व्होल्टचा असतो आणि आपल्या २३० ला लावला की जातो. पिन बदलणारा अडॅप्टर व्होल्ट बदलत नाही. चार्जर इथेच घ्या. विमानात पॅक हातातल्या बॅगेतच न्यायचा, आणि १०० वॉट-अवरपर्यंतचाच विनापरवानगी. १८ व्होल्ट ५ अँपिअर-अवरचा ९० भरतो, म्हणजे चालतो.

चार्जर आणि ऊन

स्वस्त संचातले गोल पिनेचे चार्जर एकसारखे दिसतात. १२.६ चा तीन सेलला, २१ चा पाचला, २५.२ चा सहाला. पिन मात्र सगळ्यांची बसते. मागचा आउटपुटचा आकडा वाचल्याशिवाय लावू नका, आणि शंका आली तर मोकळ्या पिनेवर मल्टिमीटर धरा: पाच सेलसाठी २१ च्या अगदी आसपास हवा. साडेएकवीस दिसले तर तो चार्जर फेकून द्या.

लिथियम सेल ० ते ४५ अंशांच्या दरम्यान चार्ज करायचे असतात. चंद्रपूर-नागपूरच्या मे महिन्यात पत्र्याच्या शेडमध्ये नुसता ठेवलेला पॅकही या मर्यादेला टेकतो, मग ग्राइंडरमधून काढलेल्याचं काय सांगावं. तासभर सावलीत फरशीवर ठेवा, मग लावा. गाडीच्या डॅशबोर्डवर पॅक ठेवायची सवय तर लगेच मोडा. पावसाळ्यात काम बंद असेल तर पूर्ण चार्ज करून ठेवू नका आणि उतरवूनही ठेवू नका. अर्धा, म्हणजे पाच सेलला साडेअठराच्या आसपास, आणि दोन-तीन महिन्यांतून एकदा बघून. ‘आधी पूर्ण उतरवून मगच चार्ज करा’ हा जुना सल्ला निकेल-कॅडमियमच्या काळातला आहे. लिथियमला तो मारक आहे.

मेलेला पॅक घंटागाडीत टाकू नका, गाडीत दाबला गेला की तो पेटतो. पट्ट्यांवर चिकटपट्टी लावून ई-कचरा घेणाऱ्यांकडे द्या. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनुसार वापरलेल्या बॅटऱ्या गोळा करायची जबाबदारी उत्पादकांवर आहे, तेव्हा सर्व्हिस सेंटरलाही विचारायला हरकत नाही.

जुनं निकेल-कॅडमियमचं ड्रिल असेल तर

वडिलांच्या वेळचं १४.४ व्होल्टचं जड ड्रिल अनेक घरांत आहे. मोटर अजून ठणठणीत, पॅक मेलेला, आणि मूळ पॅक मिळणं अवघड. युरोपीय संघाने तर कॉर्डलेस टूलमधल्या निकेल-कॅडमियमची सवलत २०१६ च्या अखेरीस काढूनच टाकली. त्यात बारा सेल असत, प्रत्येकी १.२ व्होल्टचे. लिथियमचे चार सेल, ३.६ चे, बरोबर १४.४ भरतात. म्हणून रिकाम्या डबीत चार हाय-ड्रेन सेल आणि चार सेलचा, निदान ३० अँपिअरचा बीएमएस बसवून ते चालू करता येतं. चार्जर मात्र १६.८ व्होल्टचा लिथियमचाच हवा. जुना चार्जर त्याच दिवशी भंगारात द्या, म्हणजे घरातलं दुसरं कुणी सवयीने त्यात पॅक ठेवणार नाही. १८ व्होल्टच्या जुन्या ड्रिलला, ज्यात असे पंधरा सेल असत, हाच हिशेब पाच सेलचा.